आपल्याकडे पीए कोर्स निघाला तर शिकवायला कोण हवं?

सोनचाफा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेने गेल्या आठवड्यात मला चर्चेला बोलावलं होतं. त्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे आणि फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे पीएचा, पदवी अभ्यासक्रम सुरू करायचं त्यांच्या मनात आहे. मी चेन्नईला पीए झाले, तिथेच अकरा वर्षं हृदयशस्त्रक्रिया विभागात काम केलं आणि चार वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात कुडाळला परतले. म्हणून माझी आठवण झाली. त्यांनी इमारतीचा नकाशा दाखवला, वसतिगृहाची जागा दाखवली, प्रयोगशाळेच्या सामानाची यादी दाखवली. सगळं मनापासून केलेलं. मग एक कागद पुढे आला. 'शिक्षकवर्ग' असा मथळा आणि खाली एकच ओळ: रुग्णालयातील डॉक्टर शिकवतील.

त्या ओळीने मला चार रात्री झोपू दिलेलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना पीए म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंटची हिस्ट्री घेणं, तपासणं, राउंडची तयारी करणं, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असिस्ट करणं, ऑपरेशननंतरची देखभाल, डिस्चार्ज कार्ड, नातेवाइकांना समजावून सांगणं, ही आमची कामं. स्वतःचा दवाखाना टाकायचा अधिकार नाही आणि तो मागूही नये. बायपासच्या वेळी पायातली शीर काढून द्यायचं काम अनेक ठिकाणी पीए करतात, मीही केलं. भारतात हा कोर्स १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या परिशिष्टात फिजिशियन असोसिएटचा (पीएचंच दुसरं नाव) समावेश झाला, त्यामुळे या पेशाला कायद्यात जागा मिळाली. पदवी साधारण चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं.

आता मूळ मुद्दा. डॉक्टर उत्तम शिकवतात, मला आज जे येतं त्यातलं निम्म्याहून जास्त डॉक्टरांनीच शिकवलंय. पण डॉक्टर शिकवतो ते डॉक्टरच्या जागेवरून. पीएची जागा वेगळी आहे. ती जागा त्या जागेवर उभं राहिलेल्या माणसालाच शिकवता येते, असं माझं ठाम मत आहे.

माझाच अनुभव सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष. बायपास होऊन तिसरा दिवस असलेले एक आजोबा. दुपारपासून लघवी कमी होत चालली होती. मी दर तासाला आकडा नीट लिहीत होते. सर ओटीत होते, दुसरी केस चालू होती, म्हणून मी थांबले. वाटलं, बाहेर आले की सांगू. दोन तास गेले. आमच्या सीनियर पीए अक्का फेरीला आल्या, त्यांनी चार्ट पाहिला आणि तिथल्या तिथे ओटीत निरोप पाठवला. आजोबा सुधारले, घरी गेले. संध्याकाळी अक्कांनी मला बाजूला बसवलं. त्या म्हणाल्या, तू आकडा लिहिलास, पण तो कोणाला ऐकवला नाहीस. मग पुढचा तासभर त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: कधी हाक मारायची. कोणत्या आकड्याला वाट बघायची, कोणत्या आकड्याला ओटीचं दार ठोठवायचं, आणि फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं. एवढी वर्षं शिकून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? डॉक्टरला वर हाक मारायची वेळ येते ती रेसिडेंट असताना, आणि कन्सल्टंट झाल्यावर ते दिवस मागे पडतात. पीएला ती आयुष्यभर मारायची असते.

पहिल्या वर्षी आमचे वर्ग लॅब, डायलिसिस, एक्स-रे या सगळ्या शाखांच्या मुलांबरोबर एकत्र होत. शरीररचना शिकवणारे सर विषयात पक्के होते, पण ही मुलगी पुढे जाऊन या शिरेला हात लावणार आहे हे त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. पायाची सॅफिनस शीर त्यांनी पाच मिनिटांत संपवली.

म्हणून मी संस्थेला लिहून द्यायला बसले आहे. माझ्या मते विभागप्रमुख स्वतः पीए असावा, पदव्युत्तर शिकलेला आणि वॉर्डात निदान आठ-दहा वर्षं काढलेला. त्याच्या जोडीला वैद्यकीय संचालक म्हणून एक डॉक्टर हवा. तो रोज तास घेणार नाही, पण काय शिकवायचं आणि कुठे थांबायचं यावर शेवटचा शब्द त्याचा. आणखी किमान दोन पीए शिक्षक. आणि एक माणूस फक्त वॉर्डातल्या पोस्टिंगसाठी: कोण कुठे गेलाय, काय शिकला, कोणाच्या हाताखाली आहे, हे बघणारा. बाकी मूळ विषयांना त्या त्या विषयाचे लोक.

हे जास्त मागणं होतंय का? आपल्याकडे एवढी माणसं मिळतील का? तुमची मतं हवी आहेत.

---

फणसगरा

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटला मार्क कमी पडले. कॉलेजांची माहितीपत्रकं घरात साठलीत, सगळ्यांत इमारतीचे फोटो. शिक्षक कोण, हे एकातही नीट दिलेलं नाही. बापाने काय बघायचं असतं तेवढं कृपया सांगा.

---

खारवी

मी मूळ हर्णैचा. गेली सोळा वर्षं अमेरिकेत पीए म्हणून आहे, त्यातली शेवटची सहा एका पीए प्रोग्रॅममध्ये क्लिनिकल समन्वयक, म्हणजे सोनचाफांनी शेवटी सांगितलेला तो वॉर्डातल्या पोस्टिंगवाला माणूस. त्यामुळे राहवलं नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगतो, कारण त्यातच या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा कोर्स काढला. पहिल्या तुकडीत चार जण, चौघेही नौदलातले माजी वैद्यकीय मदतनीस. त्यातले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ ला उत्तीर्ण झाले. ही कल्पना स्टेडना सुचण्यामागे एका खेड्यातल्या दवाखान्याचा मोठा वाटा होता. नॉर्थ कॅरोलायनात गार्लंड नावाचं लहानसं गाव, तिथले डॉ. एमोस जॉन्सन आणि त्यांनी स्वतः घडवलेले मदतनीस बडी ट्रेडवेल. डॉक्टर बाहेरगावी गेले की दवाखाना ट्रेडवेल सांभाळत. आपल्याकडे जुन्या डॉक्टरांचे कंपाउंडर आठवा. दापोलीला आमच्या डॉक्टरांकडे असेच एक काका होते. कोणत्या घरात कोणाला पेनिसिलिन चालत नाही, हे त्यांना तोंडपाठ असायचं. फरक इतकाच की स्टेडनी त्या ज्ञानाला अभ्यासक्रम दिला, परीक्षा दिली, नाव दिलं.

त्या पहिल्या तुकडीला शिकवायला पीए कुठून येणार? डॉक्टर आणि परिचारिकाच होत्या. भारतातही १९९२ ला तसंच झालं असणार, दुसरा मार्गच नव्हता. पण पहिली पिढी तयार झाली की शिकवण्याची सूत्रं हळूहळू त्यांच्याकडे यायला हवीत. आज इथे मान्यता देणारी संस्था आहे, एआरसी-पीए. तिच्या निकषांत प्रोग्रॅम डायरेक्टर, मेडिकल डायरेक्टर आणि मुख्य शिक्षकवर्ग ही पदं वेगवेगळी सांगितली आहेत. मेडिकल डायरेक्टर डॉक्टरच असावा लागतो. मुख्य शिक्षकांत पीए असावेच लागतात. प्रशिक्षण सरासरी सत्तावीस महिन्यांचं, आणि त्यातला मोठा भाग कौटुंबिक वैद्यक, मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, तातडीची सेवा अशा पोस्टिंगमध्ये.

आमच्याकडे औषधशास्त्र फार्मसीवाले शिकवतात, शरीररचना त्या विषयातल्या पीएचडी बाई. दोघंही पीए नाहीत आणि दोघांशिवाय आमचं चालणार नाही. पण मूळ विषयाच्या प्रत्येक तासानंतर एक पीए शिक्षक त्याच विषयाची एक केस घेऊन वर्गात जातो. औषधाची मात्रा फार्मसीवाल्यांनी शिकवली, तर हा पेशंट म्हणतोय गोळी घेतल्यावर गरगरतं, आता तू काय विचारशील, हे पीए शिकवतो. ही सांधेजोड ज्या कॉलेजात नाही तिथे मुलं दोन वेगळ्या गोष्टी शिकून बाहेर पडतात.

---

परसातली तुळस

मी सरकारी रुग्णालयात बत्तीस वर्षं स्टाफ नर्स होते, आता निवृत्त. धागा वाचून बरं वाटलं आणि थोडं टोचलंही. सोनचाफा, तुमच्या यादीत परिचारिका कुठेच नाही.

सलाइनची शीर पहिल्या वेळी सापडणं, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालताना पेशंटची मान कशी धरायची, ड्रेन काढल्यावर कुठे दाबायचं, जखमेचा वास बदलला तर त्याचा अर्थ काय, हे इंटर्न डॉक्टरांनाही आमच्या वॉर्डात आम्हीच शिकवलंय. कागदोपत्री त्याची नोंद कुठेच नाही. पीएच्या शिक्षकवर्गात परिचारिकेचं पद असावं, आणि ते 'प्रात्यक्षिक सहायक' अशा नावाने कोपऱ्यात नको, शिक्षक म्हणून हवं.

---

खारवी

ताई, शंभर टक्के. इतिहासही तुमच्याच बाजूचा आहे. स्टेडनी आधी, १९५७ च्या सुमारास, थेल्मा इंगल्स या परिचर्या शिक्षिकेबरोबर अनुभवी परिचारिकांसाठीच प्रगत अभ्यासक्रम काढला होता. नर्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही, म्हणून ते नौदलाच्या मदतनिसांकडे वळले. पुढे पीए कोर्सच्या सुरुवातीच्या शिक्षकांतही कॅथलीन अँड्रियोली या परिचारिका होत्या.

---

सोनचाफा

तुळसताई, माझी चूक मान्य. यादीत आजच भर घालते, आणि शिक्षक म्हणूनच. पहिला टाका मी सर्जनकडून शिकले, पण निर्जंतुक हात कसा सांभाळायचा ते ओटीतल्या सिस्टरकडून. ते लिहायला कसं विसरले, माझं मलाच कळत नाही.

---

घाटवळण

मी सध्या रेसिडेंट आहे, शल्यचिकित्सा, दुसरं वर्ष. जरा वेगळं बोलतो, राग नसावा. ओटीत टेबलाजवळ उभं राहायला आम्हालाच जागा कमी पडते. इंटर्नला टाका घालायला मिळत नाही. त्यात पीएचे वीस विद्यार्थी आले तर शिकवणारा सर्जन एकच, केसही एकच. शिवाय ब्रिटनमध्ये काय चाललंय ते बघा. तिथे डिसेंबर २०२४ पासून फिजिशियन असोसिएट जनरल मेडिकल कौन्सिलच्या नियमनाखाली आले, आणि जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांनी केलेल्या स्वतंत्र आढाव्याचा अहवाल आला. त्यात नाव बदलून 'असिस्टंट' करा, आणि ज्याचं निदान अजून झालेलं नाही अशा पेशंटला त्यांनी थेट बघू नये, ठरवून दिलेल्या चौकटीतलेच बघावेत, असं सांगितलंय. पेशंटला समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही हे कळत नव्हतं, ही तिथली मोठी तक्रार. आपल्या खेड्यात तर पांढरा कोट दिसला की तो डॉक्टरच.

---

सोनचाफा

घाटवळण, राग कसला? हे कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

तुमचा दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पेशंटला मी डॉक्टर वाटते. रोज वाटते. 'डॉक्टरबाई' अशी हाक येते. त्यावर, 'मी डॉक्टर नाही, डॉक्टरांची असिस्टंट आहे, मी तुम्हाला तपासते आणि सरांना सगळं सांगते', हे वाक्य मी रोज पंधरा वेळा बोलते. अक्कांनी हे वाक्य आमच्याकडून घोटून घेतलं होतं. सवय लागेपर्यंत त्या मागे उभ्या राहून ऐकायच्या. म्हणजे पुन्हा तिथेच आलो, शिकवणारं कोण आहे. विद्यार्थ्याने ज्याच्याकडे बघून वागायचं तो पीए वर्गातच नसेल, तर मुलं आपोआप डॉक्टरांकडे बघून वागायला शिकतात, बोलणंही तसंच उचलतात. मग पेशंटचा गैरसमज होणारच.

केसच्या वाटणीचं तुमचं म्हणणं खरं आहे. वैद्यकीय कॉलेज असलेल्या रुग्णालयात रेसिडेंट आणि इंटर्नचा हक्क पहिला. म्हणूनच वैद्यकीय संचालक हवा आणि तो सह्यांपुरता नको. कोणाला कुठली केस, एका टेबलावर किती जण, हे ठरवायचा अधिकार त्याचा. वीस विद्यार्थी हा आकडा मलाही जास्त वाटतो. मी दहा सुचवणार आहे.

---

कातळसडा

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून उभी हयात काढली, बहुतेक राजापूर आणि लांजा तालुक्यांत. आता निवृत्त आहे, घरीच थोडे पेशंट बघतो. इथे सहसा वाचतो फक्त, पण हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

शिक्षकाची पदवी कोणती, यावर तुम्ही सगळे बोलताय. मी विचारतो, शिक्षकाने काम कुठे केलंय? चेन्नईच्या हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत उत्तम काम केलेला पीए इकडे आणला आणि त्याला फुरसं (विषारी साप) चावलेला माणूस दाखवला तर? आमच्याकडे कातळावर फुरसं भरपूर. चावल्यावर हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं ती नळी हलवायची नाही. मग एकदाच तिरपी करून बघायची, रक्त गोठलं की नाही. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची नको, साबणाने धुतलेली नको, नाहीतर निकाल चुकतो. या तपासणीला लॅब लागत नाही, वीज लागत नाही. लागतो तो वीस मिनिटं नळीला हात न लावणारा माणूस. रात्री दोन वाजता, बाहेर तीस नातेवाईक उभे असताना हे करायला शिकवायचं असेल तर ते ज्याने केलंय त्यानेच शिकवावं.

लावणीच्या दिवसांत ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबल्या की ओरडणारा माणूस आला तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आधी डोक्यात यायला हवा. दोडामार्ग, बांद्याकडे काजूच्या बागेत जाणाऱ्याला ताप आला तर माकडतापाचं विचारायला हवं. माडावरून पडलेल्या पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) उचलताना मान आणि पाठ एका रेषेत ठेवायची, चौघांनी मिळून एकदम वळवायचं. या गोष्टी पुस्तकात आहेत, पण कुठल्या पानावर कधी उघडायच्या, हे इथल्याच माणसाला ठाऊक.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचू चावलेली माणसं, लहान मुलं, डोळ्यांदेखत जात होती. ते त्या पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसले, तास तासाला नोंदी केल्या, मृत्यू नेमका कशाने होतो ते शोधलं आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने चित्र पालटलं. लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने ते छापलं. खेड्यातल्या केंद्रात बसून जगाला शिकवता येतं, याचा दाखला याहून मोठा कोणता हवा? मग आपल्या पीएच्या मुलांना शिकवायला आपल्याच केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका, खेड्यातले खाजगी डॉक्टर का नकोत?

---

माडाची सावली

माका एक सांगूचा आसा. माझो भाचो तिकडे चेन्नैक ह्योच कोर्स शिकता. सुट्टीत इलो तेव्हा आजयेक तपासूक बसलो. तेणी इचारल्यान, "छातीत दुखतं का?" आजी म्हणाली, "नाय रे, दुखणा नाय." मगे माझ्या बायलेन इचारल्यान, "जीव घाबारता काय? धाप लागता काय?" तर आजी म्हणाली, "ता तर कायम लागता!" भाचो गप जालो. शिकवणारे कितीय मोठे असूदेत, आमची भाषा कळणारो एक तरी माणूस थंय व्हयो.

---

सोनचाफा

माडाची सावली, हे वाचून अंगावर काटा आला. अगदी खरंय. शिक्षण इंग्रजीत, पेशंट मालवणीत, आणि मधला पूल कोणी बांधतच नाही. माझ्या टिपणात आता आणखी एक ओळ आली: पहिल्याच वर्षी पेशंटशी बोलण्याचा तास, आणि तो घ्यायला आरोग्यसेविका किंवा आशाताई. पेशंटच्या भूमिकेत गावातल्याच बायका बसवायच्या, त्यांना ठरलेला आजार समजावून द्यायचा, आणि मुलांनी त्यांच्याशी बोलून तो शोधायचा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेत अशा भूमिका करणाऱ्या पेशंटचा पुष्कळ वापर होतो, फक्त आपल्या भूमिका मालवणीत हव्यात.

---

पागोळी

मी एका खाजगी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, अलाइड हेल्थच्या मुलांनाही. सोनचाफांनी लिहिलेला एकत्र वर्ग मी घेतलाय, म्हणून कबुली देते. माझ्यासमोर पाच शाखांची ऐंशी मुलं असायची आणि कोण कुठल्या शाखेचं हे मला माहीत नसायचं. कोणी सांगितलंही नाही. जर पीए विभागातून कोणी येऊन, 'मॅडम, आमच्या मुलांना मूत्रपिंडाचा हा भाग रोज लागतो, इथे दोन तास जास्त द्या', असं म्हणालं असतं तर मी आनंदाने दिले असते. विभागाला स्वतःचा पूर्ण वेळ माणूस असला की हे होतं.

आणखी एक दुखणं. मी पूर्वी जिथे होते तिथे तपासणीच्या दिवशी काही शिक्षक पहिल्यांदा दिसले. यादीत नाव, खुर्चीवर त्या दिवशी माणूस, दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. मुलांना हे सगळं कळतं. ती बोलत नाहीत, पण शिकण्यावरचा त्यांचा विश्वास उडतो.

---

फणसगरा

सगळं वाचलं, मुलीलाही वाचायला दिलं. आता मला सांगा, चौकशीला गेलो तर काय विचारू? मणिपालचाही विचार आहे, कोकण रेल्वेने उडुपीला उतरलं की जवळ, मुलीला एकटीला येणं-जाणं जमेल.

---

सोनचाफा

दादा, उडुपीचा प्रवास सोयीचा आहे खरा, पण कॉलेज कुठलंही असो, हे विचारा. तुमच्या विभागात पूर्ण वेळ पीए शिक्षक किती, आणि ते शेवटचे वॉर्डात कधी होते? जो शिक्षक आठवड्यातला एखादा दिवस तरी अजून पेशंटमध्ये असतो, त्याचं शिकवणं ताजं असतं. वैद्यकीय संचालक कोण, आणि ते महिन्यातून किती वेळा मुलांना भेटतात? पोस्टिंगला एका डॉक्टरमागे किती विद्यार्थी? दोन-तीन असतील तर ठीक. सहा-सात म्हणाले तर मुलीला भिंतीला टेकून उभं राहावं लागेल. मुलांचं मूल्यमापन कोण करतं, ज्याने वॉर्डात शिकवलं तोच, की न भेटलेला कोणी? अमेरिकेत प्रत्येक प्रोग्रॅमला पहिल्या प्रयत्नात किती मुलं राष्ट्रीय परीक्षा पास झाली ते जाहीर करावं लागतं. आपण निदान मागच्या दोन तुकड्या कुठे कामाला लागल्या ते विचारावं.

आणि कार्यालयातून बाहेर पडल्यावर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला कँटीनमध्ये गाठा. तिला विचारा, तुला केस सादर करायला कोणी शिकवलं? तिने पटकन एखाद्याचं नाव घेतलं आणि चेहरा उजळला, तर ते कॉलेज बघण्यासारखं. ती विचारात पडली तर तुम्हीही विचार करा.

---

खारवी

कातळसडांच्या मुद्द्यावर थोडं लिहायचं राहिलं होतं. त्यांनी म्हटलं ते इथे एकाने प्रत्यक्ष करून दाखवलंय. १९६९ साली वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी मेडेक्स नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यापीठात फक्त तीन महिने शिक्षण, आणि मग बारा महिने खेड्यातल्या एकट्या डॉक्टरच्या हाताखाली. तो डॉक्टरच मुख्य शिक्षक. स्मिथनी आधी गावोगावच्या डॉक्टरांशी आणि लोकांशी बोलून घेतलं, तुम्हाला असा माणूस हवा आहे का, त्याला शिकवाल का, आणि मगच विद्यार्थी पाठवले. त्यामुळे शिकून झाल्यावर बरेचसे तिथेच राहिले.

पंधरा महिन्यांचं ते गणित आजच्या चार वर्षांच्या पदवीला लागू होणार नाही. ती मुलं आधीच सैन्यात पेशंट हाताळून आलेली होती, आपली बारावी झालेली असतील. पण खेड्यातल्या डॉक्टरला शिक्षक म्हणून नेमणं, त्याला मानधन देणं, कसं शिकवायचं ते दोन दिवस बसून समजावणं, वर्षातून चार वेळा त्याच्याकडे जाऊन येणं, एवढं नक्की करता येतं. समन्वयक म्हणून माझा निम्मा वेळ गाडीतच जातो. जो समन्वयक कार्यालयात बसून फोन करतो त्याला पोस्टिंगवर खरं काय चाललंय ते कळत नाही.

---

घाटवळण

मेडेक्सची माहिती नवीन होती, आभार. हे असं झालं तर माझा विरोध नाही. उलट बांबोळीला (गोव्याच्या मेडिकल कॉलेजला) किंवा कोल्हापूरला पाठवलेले पेशंट आमच्यासारख्यांकडे पोचतात तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर कित्येकदा दोनच ओळी असतात. आधी काय दिलं, किती वाजता दिलं, काही नाही. नीट शिकलेला पीए त्या केंद्रात असेल आणि चिठ्ठी पूर्ण भरून पाठवेल, तर रात्री तीन वाजता माझं काम सोपं होईल आणि पेशंटचा वेळ वाचेल. चिठ्ठी लिहायला शिकवण्याचा एक तास मला द्या, मी येऊन घेईन. मनापासून म्हणतोय.

---

सोनचाफा

काल संस्थेची दुसरी बैठक झाली, म्हणून उशिरा लिहितेय.

नऊ पानांचं टिपण दिलं. तुळसताईंचं परिचारिका शिक्षकपद, माडाची सावलीचा मालवणीचा तास, पागोळींचा पूर्ण वेळ माणसाचा आग्रह, घाटवळण यांचा चिठ्ठीचा तास, सगळं त्यात आहे. विश्वस्तांनी शांतपणे वाचलं. खर्चाचा प्रश्न निघाला, तो निघणारच होता. चार पूर्ण वेळ शिक्षकांचा पगार पहिल्या वर्षी दहा विद्यार्थ्यांच्या फीमधून निघत नाही, हे उघड आहे. एक विश्वस्त म्हणाले, मग पहिली दोन वर्षं डॉक्टरांवर भागवू, पीए शिक्षक नंतर बघू. मी नाही म्हटलं. पहिल्या तुकडीला जे मिळेल तेच पुढच्या दहा तुकड्यांची रीत बनतं. शेवटी असं ठरलं की कोर्स एक वर्ष पुढे ढकलायचा. या वर्षात दोन पीए शिक्षक शोधायचे. मूळचे कोकणातले, बाहेर नोकरी करणारे आणि परत यायची इच्छा असलेले मिळाले तर उत्तम. कोणाच्या ओळखीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विभाग उभा करायची पहिली जबाबदारी माझ्याकडे द्यायचं म्हणताहेत. मी आठ दिवस मागून घेतलेत. आईशी बोलायचंय.

कातळसडा, तुमचा परिच्छेद मी बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला. खोलीतले सगळे फुरशाच्या नळीपाशी थांबले. एका विश्वस्तांचे वडील फुरसं चावूनच गेले होते, हे मला तिथे कळलं. तुम्ही स्वतः खेड्यातल्या पोस्टिंगसाठी शिक्षक व्हाल का, असं त्यांनी मला विचारायला सांगितलंय.

---

कातळसडा

होईन. सोमवार आणि गुरुवार, सकाळी नऊ ते एक. विद्यार्थी एका वेळी दोनच पाठवा, तिसऱ्याला बसायला जागा नाही. काचेच्या नळ्या मी घेऊन ठेवतो.